पुढे आलेला हात : मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’विषयी

नोव्हेंबरमधली रात्र. एक वाजला आहे, खिडकीवर पावसाची रिपरिप चालू आहे, मेणबत्ती विझत आली आहे. इंगोलश्टाट विद्यापीठात शिकायला आलेला व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन ज्या देहावर जवळजवळ दोन वर्षं खपला, तो देह त्याच्यासमोर डोळा उघडतो. पिवळट, निस्तेज डोळा. त्याबरोबर व्हिक्टरचा सगळा ध्यास ओसरतो आणि उरते ती फक्त किळस. तो खोलीतून पळ काढतो, अंगावरच्या कपड्यांनिशी बिछान्यावर पडतो, भलतीसलती स्वप्नं पडून दचकून जागा होतो. पाहतो तर पलंगाचा पडदा बाजूला सारून तोच जीव चांदण्यात उभा आहे. त्याचा जबडा हलतो, तोंडातून अर्धवट आवाज निघतात, हसल्यासारख्या सुरकुत्या गालांवर पडतात. एक हात पुढे आलेला असतो. व्हिक्टर तो हात चुकवतो, धावत जिना उतरतो आणि उरलेली रात्र खाली अंगणात येरझारा घालत काढतो.

तो आपल्याला धरायला आला होता, असं व्हिक्टर सांगतो. वाचणाऱ्याला मात्र पाळण्यातून वर आलेला हात आठवतो. जन्माला येऊन काही तास झालेला एक जीव जन्मदात्याच्या बिछान्यापर्यंत चालत आला, हसला, आणि जन्मदाता पळून गेला. ‘फ्रँकेनस्टाइन’ या कादंबरीत पुढे जे खून पडतात, जी फाशी होते, जे घर बसतं, त्या सगळ्याची सुरुवात इथे आहे.

कादंबरी न वाचलेल्यांनाही हे नाव ठाऊक असतं आणि बहुतेकांना ते चुकीचं ठाऊक असतं. फ्रँकेनस्टाइन म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो १९३१ साली जेम्स व्हेल यांच्या चित्रपटात बोरिस कार्लोफ यांनी रंगवलेला, चपट्या कपाळाचा, जड पावलांनी चालणारा राक्षस. तो गुरगुरतो, पण बोलत नाही. कादंबरीत फ्रँकेनस्टाइन हे निर्मात्याचं आडनाव आहे. त्याने घडवलेल्याला नाव नाही. व्हिक्टर त्याला कधी सैतान म्हणतो, कधी राक्षस, कधी नुसताच नीच. या प्रस्तावनेत त्याला ‘जीव’ म्हटलं आहे, कारण तेवढीच एक गोष्ट त्याला बापाकडून मिळाली. आणि हा जीव बोलतो. साऱ्या पुस्तकात सगळ्यांत स्पष्ट, सगळ्यांत सुसंगत बोलणारा कुणी असेल तर तोच. नाव नसणं ही लेखिकेची विसरभूल नव्हती. १८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर या कथेचं नाटक आलं, तेव्हा जाहिरातीच्या पत्रकात त्या पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापली होती. ते नाटक पाहायला गेलेल्या मेरी शेलींना ती रेघ फार आवडली. त्या नाटकातही जीव मुकाच होता. म्हणजे त्याची वाचा काढून घ्यायची सुरुवात कादंबरी छापून आल्यावर पाच वर्षांतच झाली होती.

मराठीत या कथेचा अर्थ सांगताना ‘भस्मासुर’ हा शब्द चटकन तोंडी येतो. स्वतःच वाढवलेलं संकट स्वतःवर उलटलं, एवढंच सांगायचं असेल तर तो चपखल बसतोही. पण दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. भस्मासुराने वर मागितला तो सामर्थ्याचा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, ही त्याची मागणी होती, आणि वर मिळताच तो हात त्याला देणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवायचा होता. मेरी शेलींचा जीव काहीही मागण्याआधी हात पुढे करतो आणि त्याला हवी असते ती फक्त सोबत. भस्मासुराच्या कथेत चूक होते ती वर देण्यात. इथे चूक होते ती जन्म दिल्यानंतर पाठ फिरवण्यात. हा फरक लक्षात ठेवला नाही तर कादंबरी विज्ञानाविरुद्धची ताकीद होऊन बसते, आणि तशी ती दोनशे वर्षं होत आली आहे. मेरीने लिहिली ती मात्र झिडकारल्या गेलेल्याची हकिकत आहे, आणि झिडकारणाऱ्याचीही.

मेरीला झिडकारलं जाणं म्हणजे काय हे पुस्तकांतून शिकायची गरज पडली नाही. तिचा जन्म ३० ऑगस्ट १७९७चा, लंडनमधला. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ साली ग्रंथ लिहून खळबळ उडवणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्ट या तिच्या आई. बाळंतरोगाने त्या अकरा दिवसांत गेल्या. वडील विल्यम गॉडविन हे नावाजलेले राजकीय विचारवंत. चार वर्षांनी घरात सावत्र आई आली आणि मुलीला आपली वाटणारी जागा उरली ती सेंट पँक्रासच्या दफनभूमीत, आईच्या थडग्यापाशी. जुलै १८१४ मध्ये, सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती विवाहित कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून गेली. विवाहसंस्थेवर कडक टीका करणाऱ्या गॉडविननी मुलीशी बोलणं टाकलं. ते टाकलेलंच राहिलं ते डिसेंबर १८१६ मध्ये तिचं रीतसर लग्न लागेपर्यंत.

फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला पहिली मुलगी झाली, दिवस भरण्याआधीच. नाव ठेवायच्या आत, दोन आठवड्यांत ती गेली. त्यानंतर काही दिवसांनी मेरीने रोजनिशीत एक स्वप्न टिपून ठेवलं. बाळ मेलेलं नाही, फक्त गारठलं आहे, शेकोटीपुढे धरून अंग चोळलं आणि ते जिवंत झालं. जाग आली तेव्हा बाळ नव्हतं. निष्प्राण देहात प्राण आणायची कल्पना तिच्या मनात प्रयोगशाळेतून आली नव्हती. ती आली होती शेकोटीजवळून.

पुढचा उन्हाळा १८१६चा. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या धुराळ्याने पुढच्या वर्षी युरोपचं आभाळ झाकोळलं. जिनिव्हाच्या सरोवराकाठी जून महिन्यात शेकोट्या पेटल्या. लॉर्ड बायरननी भाड्याने घेतलेल्या व्हिला दिओदातीत मेरी, पर्सी, मेरीची सावत्र बहीण क्लेअर आणि बायरनचे तरुण डॉक्टर पॉलिडोरी पावसामुळे अडकून पडले. जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद वाचून झाला आणि बायरननी सुचवलं की प्रत्येकाने एक भूतकथा लिहावी. पॉलिडोरींनी पुढे ‘द व्हॅम्पायर’ लिहिली, जी १८१९ साली छापून आली. मेरीला काही सुचेना. मग जीवनाचं मूळ तत्त्व कशात असेल, प्रेतात विजेने हालचाल आणता येईल का, अशा गप्पा ऐकून ती अंथरुणावर पडली आणि तिला आपल्या निर्मितीपुढे गुडघे टेकून बसलेला, नंतर घाबरून पळणारा विद्यार्थी दिसला. त्या गप्पांना आधारही होता. १८०३ साली जिओव्हानी आल्दिनी यांनी लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर विजेचे प्रयोग केले होते. १८१६च्या त्या उन्हाळ्यात मेरी अठरा वर्षांची होती.

ती हे पुस्तक लिहीत असतानाच दोन मरणं घडली. ऑक्टोबर १८१६ मध्ये तिची सावत्र बहीण फॅनी, म्हणजे वुलस्टनक्राफ्टची पहिली, लग्नाबाहेरची मुलगी, स्वान्सीच्या एका खानावळीत विष घेऊन मेली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीवर सही उरली नव्हती. डिसेंबरमध्ये पर्सीची पहिली पत्नी हॅरिएट लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात मृतावस्थेत सापडली. ती गरोदर होती. नको असलेल्या माणसांचं काय होतं, हे मेरीच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. आणि हॅरिएटच्या बाबतीत तर नाकारणाऱ्यांच्या बाजूला ती स्वतः होती. कादंबरीत नाकारलेला आणि नाकारणारा या दोघांच्याही मनात तिला इतकं खोल शिरता आलं, त्यात आश्चर्य नाही.

हस्तलिखिताच्या वाट्यालाही नकारच आले. बायरनचे प्रकाशक जॉन मरे यांनी ते परत केलं, पर्सीचे प्रकाशक ऑलियर यांनीही. शेवटी लॅकिंग्टन यांनी १ जानेवारी १८१८ रोजी ते तीन खंडांत, ५०० प्रतींत, लेखिकेच्या नावाशिवाय छापलं. अर्पणपत्रिकेत नाव होतं विल्यम गॉडविन यांचं. ज्या वडिलांनी अडीच वर्षं मुलीचं तोंड पाहिलं नाही त्यांना मुलीने अर्पण केलेलं हे पुस्तक, आणि त्याचा विषय काय तर अपत्याकडे पाठ फिरवणारा बाप. सर वॉल्टर स्कॉट यांनी गौरवाने परीक्षण लिहिलं, पण ते पर्सीचं लेखन आहे असं समजून. मेरीचं नाव मुखपृष्ठावर आलं ते १८२३च्या आवृत्तीत.

गॉथिक कादंबरीची परंपरा तोवर पन्नासहून अधिक वर्षांची झाली होती. होरेस वॉल्पोल यांच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’पासून पडके किल्ले, भुयारं, कुलूपबंद दालनं आणि पूर्वजांच्या पापाची फेड हा तिचा ठरलेला सरंजाम. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांनी तो घरोघर नेला. मेरीने किल्ला काढून टाकला. तिथे आली एका विद्यार्थ्याची वरच्या मजल्यावरची खोली. भूत गेलं, घराण्याचा शाप गेला. सूड राहिला, पण तोही आता पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणारा सूड नाही. पाप करणारा आणि फेडणारा एकच माणूस आहे, आणि फेडताना तो भोवतालच्या निरपराधांना आपल्याबरोबर खाली ओढतो. पुढे १८४७ साली एमिली ब्राँटे यांनी ‘वदरिंग हाइट्स’मध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या हीथक्लिफचा सूड रंगवला, तो याच वाटेने गेलेला.

मेरीने कथेच्या पोटात कथा ठेवली आहे. सर्वांत बाहेर उत्तर ध्रुवाकडे निघालेला रॉबर्ट वॉल्टन इंग्लंडमधल्या बहिणीला पत्रं लिहितो. त्याच्या जहाजावर बर्फातून वाचवलेला, मरायला टेकलेला व्हिक्टर त्याला आपली कहाणी सांगतो. त्या कहाणीच्या पोटात जीवाची स्वतःची कहाणी आहे, बरोबर पुस्तकाच्या मध्यावर. आधी व्हिक्टरच्या तोंडून आपण जीवाला राक्षस म्हणून ओळखतो. विल्यम या लहानग्या भावाचा गळा दाबलेला, गळ्यावर बोटांचे वळ. मग शामोनीजवळच्या हिमनदीवर दोघे समोरासमोर येतात. जीव म्हणतो, आधी ऐकून घे. व्हिक्टर ओरडतो, माझ्या नजरेसमोरून दूर हो. तेव्हा जीव आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो, म्हणजे त्याला तो नकोसा चेहरा दिसू नये. व्हिक्टर ते हात झटकून टाकतो. पण ऐकायला बसतो, आणि वाचकही त्याच्याबरोबर बसतो. इथून पुढचे सहा अध्याय इंग्रजी साहित्यातल्या सर्वांत हृदय हलवणाऱ्या पानांत मोडतात.

जंगलात भटकत, थंडीने कुडकुडत, खेड्यातल्या लोकांचे दगड खात तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. शेजारी डुकरांचा गोठा आणि पाण्याचं डबकं. भिंतीतल्या लाकडाला एक चीर आहे, जेमतेम एक डोळा लावता येईल एवढी. तिच्यातून त्याला डी लेसी कुटुंब दिसतं. आंधळा म्हातारा बाप, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. म्हातारा गिटार वाजवतो, मुलगी रडते, बाप तिला जवळ घेतो. माया म्हणजे काय हे त्याला त्या चिरेतून पहिल्यांदा कळतं. सुरुवातीला तो रात्री त्यांच्या साठ्यातलं थोडं खाणं घेत असे. मग लक्षात आलं की ही माणसं स्वतःच अर्धपोटी आहेत, तरुण मुलं कधीकधी आपल्यासाठी काही न ठेवता बापापुढे ताट करतात. त्या दिवसापासून त्याने ते घेणं सोडलं आणि रानातल्या फळा-मुळांवर भागवलं. फेलिक्सचा बराच वेळ लाकूडफाटा गोळा करण्यात जातो हेही त्याने पाहिलं. मग रात्री त्याचीच हत्यारं घेऊन तो कित्येक दिवसांचं सरपण आणून दाराशी रचू लागला. बर्फ पडलं की वाट मोकळी करू लागला. हे कुठल्या अदृश्य हाताचं काम, म्हणून घरची माणसं चकित होत.

बोलणंही तो तिथेच शिकला. पहिले शब्द अगदी साधे : विस्तव, दूध, भाकरी, लाकूड. मग साफी ही परकी मुलगी त्या घरात आली. फेलिक्स तिला भाषा शिकवू लागला आणि चिरेपलीकडे बसलेला दुसरा विद्यार्थी तिच्याहून लवकर शिकला. रानात सापडलेल्या चामडी पेटीत त्याला तीन पुस्तकं मिळाली. मिल्टनचं ‘पॅराडाइस लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रं आणि ग्योथेची ‘वेर्थर’. मिल्टनच्या काव्यात त्याने आपला चेहरा शोधला. आदमसारखा तो एकटा होता, पण आदमच्या निर्मात्याने आदमशी बोलणं टाकलं नव्हतं. आणि प्रयोगशाळेतून निघताना अंगावर चढवलेल्या कोटाच्या खिशात होती व्हिक्टरची टिपणवही, त्याच्या जन्माआधीच्या चार महिन्यांची. वाचता येऊ लागल्यावर त्याने ती वाचली. आपल्या जन्मदात्याला आपल्याविषयी काय वाटत होतं हे बहुतेकांना कधी कळत नाही. त्याला ते अक्षरशः वाचायला मिळालं.

तरीही त्याने आशा सोडली नाही. बाकीचे बाहेर गेल्याची वेळ साधून तो आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसला. दिसत नसल्यामुळे म्हाताऱ्याने ऐकलं, आणि ऐकल्यामुळे विश्वास ठेवला. या सबंध कादंबरीत जीवाशी माणसासारखं बोलणारा पहिला माणूस हा. बाहेर पावलं वाजली. त्याने म्हाताऱ्याचा हात धरला आणि विनवलं, मला वाचवा. दार उघडलं. अगाथा बेशुद्ध पडली, साफी पळाली, फेलिक्सने त्याला बापापासून ओढून जमिनीवर आपटलं आणि काठीने झोडपलं. त्याच्या अंगात फेलिक्सला फाडून टाकायची ताकद होती. त्याने हात उचलला नाही.

डी लेसी ही वाईट माणसं नाहीत, हे मेरीने मुद्दाम दाखवून ठेवलं आहे. अन्यायाने शिक्षा झालेल्या एका परक्या तुर्काला तुरुंगातून सोडवल्याबद्दल फ्रान्समधली आपली इस्टेट गमावून ती इथे हद्दपारीत राहत होती. परक्यासाठी सगळं गमावणारी माणसंही दारात उभ्या असलेल्या परक्याला काठीने हाकलतात. मेरीच्या कादंबरीत झिडकारणं हे दुष्टांचं काम नाही. ते चांगल्या, सुसंस्कृत, प्रेमळ माणसांच्या हातून होतं, तेही क्षणभरात.

कुटुंब ते घर सोडून गेलं. त्या रात्री चंद्र मावळल्यावर त्याने झोपडीला आग लावली. सुडाच्या कहाणीत ही पहिली पायरी, आणि तिच्यात एकही माणूस नाही. पुढे रानात एक मुलगी पाय घसरून नदीच्या धारेत पडते. तो तिला ओढून बाहेर काढतो, तर तिच्याबरोबरचा माणूस त्याच्यावर बंदूक झाडतो. मग जिनिव्हाजवळ त्याला एक लहान मुलगा भेटतो. एवढ्याशा मुलाच्या मनात अजून किळस शिरली नसेल, त्याला जवळ करून वाढवू, अशी त्याची समजूत. मुलगा किंचाळतो, शिव्या देतो आणि आपल्या वडिलांचं नाव सांगतो. ते नाव असतं फ्रँकेनस्टाइन. पहिला खून त्या नावावर पडतो. जीवाला ते नाव कुणी दिलं नव्हतं. ज्या मुलाकडे ते जन्मतः होतं, त्याच्या गळ्याभोवती तोच हात आवळला गेला.

वाईट वागवा म्हणजे माणूस वाईट होतो, असा या कादंबरीचा बोध पर्सी शेलीने एका परीक्षणात मांडला होता. ते त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापून आलं. मेरीच्या आई-वडिलांच्या विचारांशीही ते जुळणारं होतं. वुलस्टनक्राफ्टच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘मारिया’ कादंबरीत जेमायमा ही लग्नाबाहेर जन्मलेली, हिडीसफिडीस होऊन कठोर झालेली स्त्री आहेच. पण मेरी तेवढ्यावर थांबत नाही. विल्यमच्या गळ्यातली तसबीर घेऊन जीव पुढे जातो. गवताच्या कोठारात जस्टिन मॉरिट्झ झोपलेली असते. तिला यातलं काहीच ठाऊक नसतं, पण तो ती तसबीर तिच्या कपड्यांत सरकवतो. कारण एवढंच की असल्या स्त्रीची माया आपल्याला कधीच मिळणार नाही. जस्टिन कोण? सख्ख्या आईने दुस्वास केला म्हणून फ्रँकेनस्टाइनांच्या घरी वाढलेली मुलगी. म्हणजे झिडकारलेल्याने झिडकारलेलीलाच फासावर दिलं. व्हिक्टरला खरं काय ते कळलेलं असतं, तो गप्प राहतो. धर्मगुरू नरकाची भीती घालून तिच्याकडून खोटा कबुलीजबाब घेतात. जीव, व्हिक्टर, न्यायालय, चर्च, सगळे मिळून एका निरपराध मुलीला मारतात. इथे वाचकाची करुणा अडखळते आणि ती अडखळावी अशीच मेरीची योजना आहे. दुःख समजलं म्हणून गुन्हा धुऊन निघत नाही, आणि गुन्हा घडला म्हणून दुःख खोटं ठरत नाही. ती दोन्ही पारडी शेवटपर्यंत हातात धरून ठेवते.

हिमनदीवर जीव मागणी करतो : माझ्यासारखी एक जोडीदारीण घडव, आम्ही दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ, पुन्हा माणसाच्या दृष्टीस पडणार नाही. व्हिक्टर कबूल होतो. ऑर्कनीच्या एका ओसाड बेटावर काम जवळजवळ पुरं होत आलेलं असताना त्याच्या मनात शंका येतात. तिने करार मानला नाही तर, त्यांना मुलं झाली तर. खिडकीत जीवाचा चेहरा दिसतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत व्हिक्टर तो स्त्रीदेह फाडून टाकतो. या शंका पोकळ नाहीत. पण ती शपथ मोडताना तो जीवाशी एक शब्दही बोलत नाही, हे त्याचं जुनंच पाप. जीव सांगून जातो की तुझ्या लग्नाच्या रात्री मी येईन.

व्हिक्टरला वाटतं धोका आपल्याला आहे. एव्हियांच्या सरोवराकाठच्या मुक्कामात तो पिस्तूल घेऊन जागत बसतो आणि नुकतीच लग्न झालेली बायको एलिझाबेथ हिला एकटीला खोलीत पाठवतो. तिची किंकाळी ऐकून तो धावतो तेव्हा ती पलंगावर आडवी पडलेली असते, गळ्यावर बोटांचे वळ. हेच वळ विल्यमच्या गळ्यावर होते, जिवलग मित्र क्लर्व्हलच्या गळ्यावरही. वडील धक्क्याने जातात. व्हिक्टरच्या जिवाला मात्र त्याने कधीही हात लावला नाही. डूख धरलेला हा सूड मारण्याचा नाही, एकटं पाडण्याचा आहे. मित्र, बायको, घर, आपल्याला जे मिळालं नाही ते एकेक करून तो व्हिक्टरकडून काढून घेतो, व्हिक्टर थेट त्याच्यासारखा होईपर्यंत.

आणि तसंच होतं. कबरींपाशी सुडाची शपथ घेऊन आता व्हिक्टर त्याच्या मागे लागतो, रशियाच्या मैदानांतून उत्तरेच्या बर्फापर्यंत. जीव त्याला चुकवत नाही. झाडांच्या सालींवर, दगडांवर खुणा कोरून ठेवतो. पाठलाग करणारा उपाशी मरू नये म्हणून एके ठिकाणी मारलेला ससा ठेवून जातो. डी लेसींच्या दाराशी रचलेल्या सरपणाची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. जगात दोघांना एकमेकांशिवाय कुणी उरलं नाही, आणि त्यांच्यात नातं उरलं आहे ते फक्त सुडाचं.

व्हिक्टर जिनिव्हाचा आहे, हा योगायोग मानता येत नाही. बालसंगोपनावर ‘एमिल’ लिहिणारे आणि स्वतःची पाच मुलं पॅरिसच्या अनाथालयात टाकणारे रूसो त्याच शहरातले. पुढे मेरीने रूसोंचं छोटं चरित्र लिहिलं, त्यात या गोष्टीबद्दल तिने त्यांना क्षमा केली नाही. मोठी स्वप्नं पाहणारा, मानवजातीवर उपकार करायला निघालेला आणि पदरी आलेल्या एका जीवाची जबाबदारी टाळणारा पुरुष तिच्या चांगल्या परिचयाचा होता.

पण वाचणाऱ्यांनी पुस्तकातून आपल्याला हवं ते उचललं. १६ मार्च १८२४ रोजी ब्रिटिश संसदेत वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्तीवर चर्चा चालू असताना परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी या कादंबरीचा दाखला दिला. गुलामाला एकदम मोकळं करणं म्हणजे अंगात पुरुषाची ताकद आणि मनाने पोर असलेला असा जीव निर्माण करणं, असा त्यांचा युक्तिवाद. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकलं त्याच्याच रागाची भीती दाखवायची आणि त्याच्या तोंडून निघालेले सहा अध्याय विसरायचे. गेली दोनशे वर्षं हे असंच चालत आलं आहे.

नव्या वाचकाने शक्य तर १८१८ची आवृत्ती आधी वाचावी. १८३१च्या सुधारित आवृत्तीवर मेरीच्या मधल्या वर्षांची सावली आहे. तोवर तिची आणखी दोन मुलं इटलीत गेली होती, १८२२ साली पर्सी समुद्रात बुडाला होता. त्या आवृत्तीतला व्हिक्टर नशिबाला बराच बोल लावतो. पहिल्या आवृत्तीत त्याच्यापुढे वाट मोकळी होती आणि निवड त्याचीच होती. तिथे दोष स्वच्छ दिसतो.

आणि वाचताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावं. वॉल्टनच्या जहाजावर व्हिक्टर मरण पावतो. मध्यरात्री त्याच्या खोलीतून आवाज येतो म्हणून वॉल्टन आत जातो. शवपेटीवर ओणवा झालेला जीव तिथे उभा असतो, तोंड लांब केसांनी झाकलेलं. तो रडतो आहे, मेलेल्या बापाची क्षमा मागतो आहे. त्याचा एक हात पुढे आलेला असतो, प्रचंड, ममीच्या कातडीसारखा. पहिल्या रात्रीसारखाच तो व्हिक्टरकडेच आलेला आहे, आणि या वेळी व्हिक्टर तो चुकवू शकत नाही.